हरित हायड्रोजनच्या प्रशिक्षणासाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत इन्स्ट्रुमेंटेशनचे काम पाहतो. हातात ४२,००० रुपये पगार येतो. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून ३४,००० रुपये जातात. मुलगी नववीत आहे. पुण्यातील एक खासगी संस्था हरित हायड्रोजन (नवीकरणीय विजेने पाण्याचे विघटन करून मिळवलेला हायड्रोजन) उद्योगाचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण शनिवारी-रविवारी देते. शुल्क १,६५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. नंतर ५०,००० रुपयांची नोकरी मिळेल, असे संस्था सांगते. माझी ४ लाखांची एकमेव मुदत ठेव मोडून हे शिकावे का?

उत्तर : सध्या ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली शिकण्याची ओढ योग्यच आहे आणि क्षेत्रही पोकळ नाही. मात्र आपण जो खर्च धरला आहे तो खऱ्या खर्चाचा एक भागच आहे.

जीएसटीसह शुल्क १,९४,७०० रुपये होते. सहा महिने दर आठवड्याला पुण्याला जाणे, एक रात्र राहणे आणि जेवण यांचे किमान २,००० रुपये धरले, तर २४ फेऱ्यांचे ४८,००० रुपये होतात, म्हणजे एकूण २,४२,७०० रुपये. ठेवीत १,५७,३०० रुपये उरतील आणि ते आपल्या घराला पाच महिनेही पुरणार नाहीत. शिवाय गळीत हंगामात शिफ्ट सोडून प्रत्येक शनिवारी पुणे गाठणे जमेल का, हे आपणच चांगले जाणता; रजा बिनपगारी झाली तर तोही खर्चच.

आता उत्पन्नाची बाजू पाहू. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी स्वतःचे धोरण आणले. परंतु उद्दिष्टावरून नोकऱ्यांचा अंदाज बांधता येत नाही. तो विजेच्या दरावरून आणि खरेदीदारावरून बांधावा लागतो. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते, म्हणजे वीज ५ रुपये युनिटने मिळाली तर केवळ विजेचाच खर्च किलोमागे २५० ते २७५ रुपये होतो, आणि दर एका रुपयाने हलला की किलोची किंमत पन्नास रुपयांहून अधिक हलते. फक्त सौर विजेवर चालवायचे तर यंत्रे दिवसाचा मोठा भाग बंद राहतात आणि त्यांच्यात गुंतवलेल्या भांडवलाचा भार उरलेल्या थोड्या तासांच्या उत्पादनावर पडतो. नैसर्गिक वायूपासून बनणारा हायड्रोजन बहुधा याहून बराच स्वस्त पडतो. त्यामुळे खरेदीचा पक्का करार हाती नसेल, तर अनेक कंपन्या प्रकल्प जाहीर करूनही प्रत्यक्ष गुंतवणूक लांबवतात, आणि गुंतवणूक लांबली की भरतीही लांबते.

जे प्रकल्प उभे राहतील ते बहुतांशी खत कारखाने, तेलशुद्धीकरण कारखाने आणि बंदरे यांच्या जवळ असतील, कारण आज हायड्रोजन वापरला जातो तो मुख्यतः अमोनिया बनवण्यासाठी आणि तेलशुद्धीकरणात. सांगलीहून पाहिले तर याचा अर्थ थळ, माहुल, कांडला किंवा पारादीप. शिवाय असा प्रकल्प चालवायला माणसे फार लागत नाहीत. मोठी भरती उभारणीच्या काळात होते आणि ती बरीचशी कंत्राटी असते. घर सांगलीतच ठेवून आपण बाहेर राहिलात, तर खोली, जेवण आणि गावाकडच्या फेऱ्या यांना महिन्याला १२,००० रुपये सहज लागतील. मग ५०,००० रुपयांच्या पगारात आपण आजच्यापेक्षा ४,००० रुपयांनी मागे जाल. प्रशिक्षणाचा खर्च दोन वर्षांत भरून निघायचा असेल तर त्यासाठी आणखी सुमारे १०,००० रुपये हवेत, म्हणजे हातात ६४,००० रुपयांहून कमी पगार परवडणार नाही. या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणतेही आश्वासन स्वीकारू नये.

आपल्यापाशी आधीच काय आहे, याचे मोल मात्र आपण कमी लेखले आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. डिस्टिलरीत ज्वलनशील वाफेच्या परिसरात ज्वालारोधक उपकरणे सांभाळणे, वायुगळती शोधणारे संवेदक तपासणे, इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी व्यवस्था) चुकू न देणे, हे सर्व हायड्रोजनमध्येही लागते. तिथे दक्षता अधिकच हवी, कारण हवेतील त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले की तो पेटू शकतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. हायड्रोजन ऊर्जेवरील आयआयटीचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शिकता येतो. परीक्षा द्यायची असल्यास तिचे शुल्कही आपल्या पगारात सहज बसते. त्यापासून सुरुवात करावी. जोडीला, प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) संपीडित बायोगॅस बनवणाऱ्या कारखान्यांकडे लक्ष ठेवावे. उच्च दाबाचे कॉम्प्रेसर, सिलिंडर भरणे आणि नागपूरच्या पेसोचे (स्फोटके व ज्वलनशील वायूंच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे) नियम यांचा अनुभव तिथे मिळतो, तो पुढे हायड्रोजनच्या प्रकल्पातही उपयोगी पडतो आणि त्यासाठी जिल्हा सोडावा लागेलच असे नाही.

संस्थेकडून मात्र तीन गोष्टी लेखी मागवाव्यात : अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात नोंदलेला आहे का, चालू इलेक्ट्रोलायझरवर (पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्रावर) प्रत्यक्ष किती तास काम करायला मिळेल, आणि मागील तुकडीतील किती जणांना कोणत्या पदावर, किती पगारावर नेमणूक मिळाली. लेखी उत्तर न आल्यास तो विषय तिथेच थांबवावा. उत्तरे समाधानकारक असली आणि ६४,००० रुपयांच्या वरचे नेमणूकपत्र मिळण्याची शक्यता स्पष्ट दिसू लागली, तरीही ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर बँकेतून कर्ज घ्यावे. त्याचा व्याजदर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच जास्त असतो, मुदतपूर्व मोडण्याचा दंड वाचतो, आणि कर्ज फेडले की मुलीच्या अकरावीच्या वेळी ठेव आपल्याकडे पूर्ण शिल्लक असते.