ती टेकडी खरी की डंप?

प्रश्न : सर, आम्ही दोडामार्गवरून गोव्यातल्या डिचोलीला नेहमी जातो. त्या भागात सपाट माथ्याच्या, पायऱ्या पायऱ्यांच्या टेकड्या दिसतात आणि मधेच एखादं खोल तळं. तिथले लोक म्हणतात हा डंप, ती जुनी खाण. एवढी मोठी टेकडी खरंच माणसाने केलेली असते का? आणि हे कधी परत पहिल्यासारखं होईल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : हो, माणसानेच केलेली. डंप म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडाचा ढीग. गोव्यात एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड बाजूला करावा लागतो, आणि पोर्तुगीज काळातली कन्सेशन्स, म्हणजे खाणीसाठी दिलेले जमिनीचे पट्टे, इतकी छोटी की हद्दीत तो टाकायला जागाच नसायची, मग शेजारी मिळेल तिथे, उतारावर, ओढ्याच्या काठाला, घाल ढीग. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला माल जायला लागला तेव्हापासून हे चालू. खूण सांगतो, डंपवर बरेचदा एकाच जातीची झाडं दिसतील, ऑस्ट्रेलियन अकेशिया, माती धरून ठेवायला लावलेली. आपल्या रानातली सरमिसळ तिथे नसते.

गंमत म्हणजे यातले काही डंप परत खोदले गेले! लोह कमी म्हणून फेकलेला माल पुढे चीनने उचलला, २०१०-११ ला गोव्याची निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. मग बेकायदा खाणींची चौकशी करणारा शहा आयोग, २०१२ ची खाणबंदी, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलेल्या खाणींच्या ८८ लीज, ते तुम्ही वाचलं असेलच.

पण टेकडी डोळ्यात भरते म्हणून आपण तिच्याबद्दल बोलतो, खरा घोळ पाण्याचा झालाय. सड्यावरचा, म्हणजे सपाट माथ्यावरचा, जांभा पावसाचं पाणी मुरवून खालच्या झऱ्यांना, विहिरींना पुरवतो, तो जांभाच काढून टाकला, खड्डा भूजलाच्या खाली, काही ठिकाणी तर समुद्रसपाटीच्याही खाली नेला आणि वर पाणी उपसायला पंप लावले, मग डिचोलीजवळच्या शिरगावसारख्या गावातल्या विहिरी आटणार नाहीत तर काय. शिवाय पावसाळ्यात डंपवरून आलेला लाल गाळ भातशेतीत बसतो तो वेगळाच.

पहिल्यासारखं? नाही होणार. डंप परत आत ढकलला तरी बोटीतून गेलेला डोंगर कुठून आणणार. पंप थांबले की खड्डा पाण्याने भरतो, तेच तुमचं तळं. आणि हो, ते कितीही छान दिसलं तरी पोहायला उतरू नका, काठ सरळ तुटलेला असतो, दोन पावलांवर एकदम खोल.