बंदुकांच्या क्षेत्रात जायचंय? मग मेकॅनिकलच घे

भावा, 'डिफेन्स' नावाचा कोर्स शोधत बसू नकोस, बीटेक सरळ मेकॅनिकलमधून कर. बंदूक म्हणजे शेवटी बॅरल, बोल्ट, स्प्रिंग आणि टॉलरन्स (मापात चालणारी बारीकशी तफावत), आणि बॅरलच्या आत जो दाब नि उष्णता तयार होते ती झेलणारं स्टील कसं निवडायचं, हीट ट्रीटमेंट कशी द्यायची हे मेटलर्जीवाल्याला (धातुशास्त्र शिकलेल्याला) जास्त कळतं, म्हणून तीही ब्रांच वाईट नाही, उलट मला तर फार आवडते. ड्रॉइंग वाचता आलंच पाहिजे, आणि लेथवर हात काळे कर, खरंच. आपल्या पुण्यात पाषाणला एआरडीई, म्हणजे डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची शस्त्रं डिझाइन करणारी लॅब आहे, लष्कराची इन्सास रायफल तिथेच डिझाइन झाली. खडकीला दारूगोळा कारखाना १८६९ पासून. डीआरडीओत सायंटिस्ट व्हायचं तर गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा अभ्यास तिसऱ्या वर्षापासूनच धर, एमटेकला पुण्यातच गिरीनगरचं डायट (डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) बघ.