सागाच्या रानातला पतंग ओळखताना

सागाच्या रानात दिसलेला करडा-तपकिरी पतंग कोणता, असे आपण विचारले आहे. तो हिब्लिया प्युएरा, म्हणजे ज्याची अळी सागाची पाने खाते तो पतंग, असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र केवळ पुढच्या पंखांवरून निष्कर्ष काढू नका, कारण मिटलेले ते पंख वाळक्या पानासारखे दिसतात आणि त्यांचा रंगही प्रत्येक पतंगात थोडा वेगळा असतो. खरी खूण मागच्या पंखांवर असते, ती म्हणजे काळसर रंगावरचे नारिंगी-पिवळे पट्टे. ते पाहण्यासाठी पतंगाला चिमटीत धरू नका, पंखांवरचे खवले गळतात. तो पंख उघडेपर्यंत थांबा.

नवशिक्यांची दुसरी चूक म्हणजे पानाची जाळी झालेली दिसताच याच पतंगाचे नाव घेणे. शिरा राखून मधला गर खाणारी अळी बहुधा युटेक्टोना माकेरॅलिस या वेगळ्या पतंगाची असते. हिब्लियाची वाढलेली अळी कोवळे पान मुख्य शिरांपर्यंत फस्त करते आणि पानाची कड कापून, दुमडून, रेशमी धाग्याने बांधून त्या घडीत लपते. पावसाळ्याच्या आरंभी सागाला पालवी फुटली की आधी ही घडीच शोधा. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास सुमारे 3 आठवड्यांत पुरा होत असल्यामुळे त्याच झाडाकडे दर दोन दिवसांनी जावे. कोष मात्र बहुधा झाडाखालच्या पाचोळ्यात सापडेल.