बुद्धिबळात इव्हान्स गँबिटचं (सुरुवातीलाच प्यादं देऊन खेळायची पद्धत) प्यादं घ्यायचं का?

प्रश्न: मी राजारामपुरीत राहतो, मित्र पांढरी घेऊन खेळतो, माझा उंट सी५ ला (पटावरच्या घराचं नाव) आला की चौथ्याच चालीला बी४ ला प्यादं फुकट देतो आणि पुढं माझा राजा अडकतोय, घेऊच नको का ते?

उत्तर: घ्या की बिनधास्त! मग तो सी३ ला प्यादं सरकवून उंटाला हाकलणार आणि डी४ ला दुसरं प्यादं टाकणार, म्हणजे एका प्याद्याच्या बदल्यात त्याला सेंटर (पटाचा मधला भाग) आणि वेळ दोन्ही मिळतंय, खरी ताकद तिथंच आहे. तुम्ही उंट ई७ ला आणा, डी४ झालं की घोडा ए५ ला, थेट त्याच्या सी४ च्या उंटावर. प्यादं परत द्यावं लागलं तर द्या, हावरटपणा नको. १९९५ ला रीगात (लाटव्हिया) कास्पारोवनं आनंदला याच लाइनमध्ये (चालींच्या क्रमात) २५ चालीत हरवलं, तिथं कास्पारोवचा सी४ चा उंट ई२ ला मागं गेला होता, तो डाव पटावर लावून बघाच.