बंद पडली तर सेल्फ मारू नका

वाचकांचे प्रश्न, गॅरेजातून उत्तरं

प्रश्न : माझी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. दिवाळीत पुण्याहून कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनला बाहेरची थंड हवा देणारा पाइप आणि फिल्टर, बसवून आणला. फिल्टर पुढच्या बंपरच्या मागे, डाव्या फॉग लँपशेजारी खाली आला आहे. टेप लावून फोटो काढला, तो सोबत पाठवतो. मी रोज सोलापूरहून मोहोळला कामाला जातो. मित्र म्हणतात, पावसात इंजिन पाणी ओढेल. बसवणारा म्हणाला, तुमच्या सोलापुरात पाऊस पडतो कुठे? हौसेने बसवलेली वस्तू काढायची जिवावर येतं. काय करू?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : फोटोतली टेप मी मोठी करून पाहिली. फिल्टरची खालची कड जमिनीपासून ३४ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे तुमच्या गुडघ्याच्याही खाली. गाडी पाण्यात शिरली की बंपर पाणी पुढे ढकलतो आणि तिथे फुगवटा येतो. रस्त्यावर वीतभरच पाणी दिसत असलं तरी बंपरपाशी ते फिल्टरला टेकू शकतं. त्यात समोरून एसटी किंवा ट्रक आला, तर त्याची लाट वेगळी.

पाऊस पडतो कुठे, हे बोलणं मला फार खटकलं. वर्षाचा हिशेब केला तर आपला पाऊस कमीच, पण तो पडतो कसा ते बघा. जून-जुलैत ढग नुसते येऊन जातात, आणि परतीचा पाऊस एका रात्रीत ओढे-नाले भरून टाकतो. २०२० च्या ऑक्टोबरात हे आपण सगळ्यांनी बघितलं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीपाशी पुणे रस्ताच बंद ठेवावा लागला. तुमचा रोजचा रस्ता तोच. रस्ता बंद झाला की कुणी जात नाही. गाड्या अडकतात त्या आधीच्या एक-दोन तासांत, पूल चालू असतो पण सखल जागी आणि पुलाखालच्या बोगद्यात पाणी साचलेलं असतं तेव्हा.

आता इंजिनात काय होतं ते सांगतो. पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. तुमच्या इंजिनात चार सिलिंडर, म्हणजे एकात साधारण ३०० मिली जागा. कॉम्प्रेशन ११ ला १ धरलं, म्हणजे पिस्टन खाली असतानाची एकूण जागा तो वर असतानाच्या ११ पट, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरते फक्त ३० मिली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची १० मिलीची टोपी असते ना, तशा तीन टोप्या. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरात गेलं की पिस्टनला वर जायला जागाच नाही. गाडीचं वजन, चाकांची गती, बाकीच्या सिलिंडरांचा जोर, सगळा त्या पिस्टनला खालून धरणाऱ्या एका कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो.

असा एक रॉड माझ्या टेबलावर कायम ठेवलेला असतो. हातात घेतला तर चटकन कळत नाही. सपाट काचेवर नवीन रॉडशेजारी ठेवला की मधला बाक दिसतो. त्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडलं तेव्हा तीन पिस्टन वरच्या काठापर्यंत येत होते आणि चौथा दीडेक मिलिमीटर खालीच थांबत होता. सिलिंडरच्या भिंतीवर कार्बनची काळी रेघ असते, तीही त्या एकात खाली उतरली होती. सगळ्यात वाईट म्हणजे ती गाडी पाण्यातून निघाल्यावर पंधरा दिवस चालली होती. थोडी थरथर येते, एवढीच तक्रार होती. तशीच हायवेला धावली असती तर रॉड तुटून इंजिनच्या ब्लॉकला भोक पडलं असतं.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं असं, की काढलेला कंपनीचा फिल्टरचा डबा घरी असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात तोच परत बसवा आणि दिवाळीनंतर हवं तर पुन्हा हौस करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. बहुतेक हॅचबॅकना त्या डब्याचं हवा घेणारं तोंड बोनेटच्या कडेजवळ वर असतं. तिथपर्यंत पाणी येण्याआधी माणसाला आपोआप भीती वाटते आणि तो गाडी थांबवतो. तुमच्या फिल्टरपर्यंत पाणी येतं तेव्हा कुणालाच भीती वाटत नाही, धोका तिथेच आहे. डबा बसवताना त्याच्या तळाचं बारीक छिद्र तारेने मोकळं करा. आत आलेले थेंब बाहेर पडावेत म्हणून ते ठेवलेलं असतं. आपल्याकडच्या धुळीने ते बुजतं, आणि काही जण तर धूळ नको म्हणून त्याला टेप लावतात.

डबा टाकून दिला असेल तर दुसरी वाट. अशा इनटेकचा पाइप बरेचदा दोन तुकड्यांचा असतो. खालचा तुकडा काढायचा आणि तोच फिल्टर वरच्या तुकड्याला, बोनेटखाली, क्लॅम्पने आवळायचा. बंपरकडे जाणारं भोक मोकळं राहू द्या. गरम हवा ओढली जाईल आणि थोडा जोर कमी वाटेल, पण पावसाळ्यात तो तोटा काहीच नाही. मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि बोनेटखाली ६३ असतील, तर २० अंशांच्या फरकाने थंड हवा सहा टक्के घट्ट मिळते. हा फायदा खरा आहे. तुमची हौस मला समजते, ती खोटी नाही. पण कंपनीचा डबाही बाहेरचीच हवा घेतो, त्यामुळे त्याच्या तुलनेत तुम्ही कमावलेलं फार थोडं आहे आणि पणाला लावलेलं आहे सबंध इंजिन.

तुम्ही बायपास व्हॉल्व्हबद्दल वाचलं असेल. अमेरिकेतली एईएम कंपनी तो बनवते. फिल्टरच्या वर पाइपमध्ये तो बसतो. फिल्टर पूर्ण बुडाला की आतली ओढ वाढते, व्हॉल्व्हची तोंडं उघडतात आणि इंजिन तिथून हवा घेतं. कल्पना चांगली आहे, फक्त तो पाइपच्या शक्य तितक्या वरच्या भागात हवा. तोच बुडाला तर उपयोग शून्य. टर्बोच्या गाडीला तो लावायचा नसतो. फिल्टरवर चढवायचा पाणी न धरणाऱ्या कापडाचा मोजाही मिळतो. चाकाने उडवलेले शिंतोडे तो अडवतो, बुडालेल्या फिल्टरला वाचवत नाही. आणि कृपा करून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळू नका. इंजिनची ओढ तिला फिल्टरला चिकटवते, हवा कोंडते आणि गाडी भर पाण्यात बंद पडते.

आणखी एक बघा. इनटेक बसवताना जागा करायला चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं लायनर कापलं किंवा काढून टाकलं आहे का? तसं असेल तर आधी ते नवीन लावा. नाहीतर पुढच्या चाकाचं सगळं पाणी सरळ फिल्टरवर बसतं, साध्या पावसातसुद्धा. आणि हा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर कळवा.

प्रश्न : आमची डिझेल गाडी आहे, काहीही बदल केलेला नाही. मागच्या सप्टेंबरात पुलाखालच्या पाण्यात ती बंद पडली. यजमानांनी सात-आठ वेळा सेल्फ मारला, मग टोचन करून आणली. खर्च लाखाच्या पुढे गेला. सगळे म्हणतात सायलेन्सरमधून पाणी शिरलं, रेस चालू ठेवायला हवी होती. खरं काय?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हा खर्च बहुधा टळला असता. इंजिन चालू असताना सायलेन्सरमधून वायू बाहेर पडत असतो, पाण्याला तो मागे रेटतो. पाणी आत जातं ते पुढून, हवेच्या वाटेने. आणि रेस वाढवली की ओढ वाढते. १२०० सीसीचं इंजिन ३००० च्या फेऱ्यांवर सेकंदाला ३० लिटरच्या आसपास हवा ओढतं. पहिल्या गियरमध्ये, सावकाश, एका गतीने, पुढची गाडी पार झाल्यावर मगच पाण्यात उतरायचं. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर उतरायचंच नाही.

डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, म्हणून वर उरणारी जागा आणखी कमी. १२५० सीसीच्या डिझेलमध्ये १७ ला १ धरलं तर एका सिलिंडरात २० मिलीही उरत नाही. त्या टोपीने दोन टोप्या. गाडी पाण्यात आपोआप बंद पडली तेव्हा कदाचित रॉड सरळच असेल. सेल्फ मारताना तो वाकतो. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या गाडीला मी स्वतः असाच सेल्फ मारला होता. टक् असा एक आवाज आला आणि मोटर जागीच थांबली. ती चूक माझी होती, ते पैसे मी भरले, आणि तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून यजमानांना हे दाखवा आणि चावी ज्यांच्या ज्यांच्या हातात जाते त्यांनाही सांगा. पाण्यात बंद पडली तर चावी फिरवायची नाही. धक्का मारून गियरमध्ये टाकायची नाही. न्यूट्रलमध्ये ढकलत कोरड्या जागी न्यायची आणि बॅटरीची वायर काढायची. फिल्टरचा डबा उघडून कागदी फिल्टर बोटाने दाबून बघायचा. तो ओला लागला तर टोचन करून सरळ गॅरेजात. मिस्त्री पेट्रोलला प्लग आणि डिझेलला हीटर प्लग किंवा नोझल काढेल, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवेल आणि पाणी बाहेर काढेल. ऑइलची डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर ते आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय चालू करू देऊ नका. चालू झाल्यावर चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एकात कमी दाखवलं तर गाडी तिथेच ठेवा, मग ती कितीही गोड चालत असो.

विम्याचं म्हणाल तर साध्या पॉलिसीत पाण्याने इंजिन गेल्याचा खर्च सहसा मिळत नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं. नूतनीकरणाच्या वेळी ते मागून घ्या. त्यातही पाण्यात पुन्हा पुन्हा सेल्फ मारलेला असेल तर कंपनी वाद घालते, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : वॉशिंग सेंटरवर बोनेट उघडून प्रेशरने धुतलं तर फिल्टरमध्ये पाणी जाईल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जाऊ शकतं. डब्याच्या तोंडावर आणि वायरिंगच्या सॉकेटांवर फवारा मारू देऊ नका. बोनेट उघडलंच असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर असेल तर इंजिन बंद ठेवून त्यावर पिशवी बांधा, आणि धुणं झाल्यावर चावी हातात घेण्याआधी पिशवी काढा.