कांद्याची सालं, संत्र्याची सालं आणि तंबाखूचा चुरा भिजवून टोमॅटोवरचा मावा जाईल का?

पहिलं म्हणजे यातला तंबाखू आधी बाजूला काढा. निकोटिनने मावा मरतो हे खरं आहे, पण ते कातडीतूनही अंगात जातं, चक्कर-उलटी होते, 'नैसर्गिक' आहे म्हणून सेफ असं काही नसतं. आणि टोमॅटो-मिरचीवर तर नकोच, कारण वाळलेल्या तंबाखूतही मोझॅक व्हायरस (पानांवर चट्टे पाडणारा विषाणू) टिकून राहतो, म्हणजे मावा घालवायला गेलात आणि रोग घरात आणलात.

संत्र्याच्या सालीत लिमोनीन (limonene) असतं, कीडनाशक आहेच ते, पण ते तेल, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे साल भिजवलेल्या पाण्यात वास भरपूर आणि दम कमी. कांद्याच्या सालीचंही साधारण तेच. यात साबण घालून मावा मेला असं कोणी सांगितलं तर बहुतेक वेळा काम साबणाने केलेलं असतं, मऊ अंगाच्या किडीवर साबणाचं पाणी थेट पडलं की ती मरते. म्हणून पानाच्या खालून मारा, मावा जास्त करून तिथेच बसतो, वरवर शिंपडून फायदा शून्य. आणि आधी दोन-चार पानांवर मारून बघा, साबण जास्त झाला तर पानं करपतात.

खरंच कामाचं पाहिजे असेल तर कडुनिंबाच्या निंबोळ्या गोळा करा. वाळलेल्या बियांचा गर कुटून लिटरला 50 ग्रॅम या हिशोबाने रात्रभर भिजवा, फडक्यातून नीट गाळा (नाहीतर नोझल चोंदणार, मग बसा काडी घालत), थोडा साबण टाका आणि त्याच दिवशी संध्याकाळी मारा, उन्हात अझाडिरॅक्टिन (निंबोळीतलं किडीवर काम करणारं द्रव्य) लवकर उतरतं. हे अळीवरही चालतं, पण यानं अळी लगेच मरत नाही, खाणं सोडते, कात टाकता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी जिवंत अळी बघून परत डबल डोस मारू नका. अळ्या बारीक असतानाच जमतं, मोठ्या झाल्यावर हातानेच वेचा.

मातीतल्या सूत्रकृमींचा (मुळांना लागणाऱ्या अगदी बारीक कृमींचा) त्रास असेल तर मोहरी-कोबीचे अवशेष बारीक चिरून लगेच मातीत मिसळा, पाणी द्या आणि वर प्लास्टिक टाका, चिरल्यावर जो तिखट वायू निघतो तोच काम करतो, उघडं ठेवलं तर उडून जातो. पण लगेच पेरू नका, दोन-तीन आठवडे थांबा, नाहीतर तुमचंच बी उगवायचं नाही.