मशेरी सोडली, आता डोके दुखते

प्रश्न : माझे वय 47 आहे. लग्न होऊन सातारा जिल्ह्यातील या गावी आले तेव्हापासून सासूबाईंबरोबर मशेरी लावू लागले आणि अलीकडे दिवसातून सहा-सात वेळा लावत असे. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी मशेरी बंद करण्यास सांगितले. सोडून आज तीन दिवस झाले. डोके दुखते, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, नातवावरसुद्धा ओरडले जाते. जाऊबाई म्हणतात, इतक्या वर्षांची सवय एकदम सोडली की अंगावर येते, थोडी थोडी लावत जा. काय करावे?

उत्तर : ताई, अंक हाती येईपर्यंत फार उशीर झाला असता, म्हणून तुम्हाला वेगळे पत्र पाठवले आहे, तेच उत्तर इतर भगिनींसाठी येथे देत आहे. पुन्हा सुरू करू नका. तुम्ही लिहिलेला तिसरा दिवस हाच बहुधा सर्वांत अवघड असतो.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून चुरलेली तंबाखू. ती बोटाने हिरड्यांवर घासली की तिच्यातील निकोटिन तोंडाच्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात उतरते आणि मेंदूतील विशिष्ट रिसेप्टरना, म्हणजे पेशींवरील संदेश घेणाऱ्या जागांना, जाऊन चिकटते. तेथे डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन स्रवते, म्हणून क्षणभर तरतरी वाटते. त्याच वेळी अ‍ॅड्रिनॅलिन वाढल्यामुळे नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. तुमच्या डॉक्टरांनी गोळीबरोबरच मशेरीचा विषय काढला, तो यासाठीच. वर्षानुवर्षे असे होत राहिले की मेंदू या रिसेप्टरची संख्या वाढवतो. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते आणि ते उतरू लागले की हे वाढलेले रिसेप्टर पुन्हा मागणी करतात. तलफ म्हणतात ती हीच. मशेरी लावल्यावर डोके हलके होते, पण ते आधीच्या मशेरीनेच जड केलेले असते, हे लक्षात आले म्हणजे जाऊबाईंच्या सांगण्यातील चूक कळते. ‘अंगावर येते’ हा अनुभव खरा आहे, परंतु तो शरीर निकोटिनवाचून राहण्यास शिकत असल्याचा त्रास आहे, शरीराला मशेरीची गरज असल्याचा पुरावा नव्हे.

हा त्रास शेवटच्या मशेरीनंतर एका दिवसाच्या आत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. ‘मशेरीशिवाय पोट साफ होत नाही’ असे सांगणाऱ्या अनेक बायका माझ्याकडे येतात आणि त्यात तथ्यही आहे, कारण निकोटिन आतड्यांच्या हालचालीला चालना देते. ते बंद झाले की आतडी काही दिवस मंदावतात. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि कोशिंबीर, रात्री पाण्याबरोबर इसबगोल एवढ्याने बहुतेकींचे भागते.

तलफेचा एकेक झटका काही मिनिटांचाच असतो आणि तेवढी मिनिटे हात व तोंड गुंतवायचे असते. ओवा, बडीशेप किंवा लवंग चघळा, चूळ भरा, अंगणात फेरी मारा. सुगंधी सुपारी मात्र मुळीच नको. सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो. पहाटेची तलफ सर्वांत तीव्र असते, कारण रात्रभर निकोटिन मिळालेले नसते. त्या वेळी ओसरीवर जाऊबाईंच्या डबीशेजारी बसू नका आणि दात ब्रशने घासा. फडताळात ठेवलेली स्वतःची डबी आणि मशेरी भाजण्याचा तवा दोन्ही घरातून बाहेर काढा. घरच्यांनी हे दोन-तीन आठवडे तुमची चिडचिड सोसावी, असे त्यांना मोकळेपणाने सांगा. नातवालाही ते समजेल. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर दंतवैद्याकडे जाण्यास एक दिवसही लावू नका.

प्रश्न : मी 32 वर्षांचा असून दहा वर्षे तंबाखू-चुना खातो. निकोटिनचे च्युइंगम घेतले तर एक व्यसन सुटून दुसरे लागणार नाही का?

उत्तर : कर्करोग घडवणारी मुख्य द्रव्ये तंबाखूतील नायट्रोसामाइन वगैरे आहेत, निकोटिन नव्हे. ही द्रव्ये टाळून, निकोटिन हळूहळू कमी करत नेणे हा च्युइंगमचा उद्देश आहे, आणि साधारण तीन महिन्यांत ते बंद करायचे असते. ते 2 आणि 4 मिलिग्रॅममध्ये मिळते. कोणते घ्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः हृदयविकार असल्यास. मात्र ते साध्या च्युइंगमसारखे सतत चघळू नये. झणझणी जाणवेपर्यंत सावकाश चावावे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावे, झणझणी गेली की पुन्हा चावावे. असे अर्धा तास. गिळलेले निकोटिन पोटात जाऊन मळमळ आणते. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटे थांबा, कारण आम्लामुळे निकोटिन तोंडात नीट शोषले जात नाही. चुन्याने नेमके याच्या उलट होते, आणि चुना मळलेली तंबाखू इतकी ‘लागते’ त्याचे कारण तेच आहे. तोंड कमी उघडत असेल, तर त्वचेवर चिकटवण्याच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीसेवेचा 1800-11-2356 हा निःशुल्क क्रमांक तुमच्या पुडीवरच छापलेला असतो. पुडी टाकण्यापूर्वी तो फोनमध्ये जतन करून ठेवा.